कोऱ्या कागदाखालची सही

सुगंधाच्या सासरी एक रीत होती. आखातात जाणाऱ्याने जायच्या आदल्या दिवशी ओटीवर बसून सह्या करायच्या. आधारकार्डाच्या दहा-बारा झेरॉक्सवर, बँकेच्या स्लिपांवर आणि सहा-सात कोऱ्या कागदांच्या अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात. माणूस तिकडे गेल्यावर इकडे लाइटचं मीटर बदलायचं असतं, घरपट्टीचा अर्ज असतो, बँकेत काही ना काही निघतं. त्यासाठी कोण विमानाने येणार? सह्यांचे कागद शर्टाच्या एका रिकाम्या खोक्यात ठेवले जायचे. सोबत चार फोटो, एटीएम कार्ड आणि इंडियाचं सिम. तिच्या नवऱ्याचे, शांतारामचे, कागद असे अकरा वर्षं त्या खोक्यात होते आणि त्याचं कधी काही बिघडलं नव्हतं.

मे २०१८मध्ये सुगंधाची पाळी आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवरा मस्कतला एसी मेकॅनिक, रुसैलच्या कारखान्यांतून फिरणारा. ती महाडच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंग लाइनवर. पट्ट्यावरून सरकणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांमधून फुटकी गोळी नजरेने वेचायची. सात वर्षं तिने तेच केलं आणि त्याचा तिला अभिमान होता. लग्नाआधीपासून पगार तिच्या नावावर जमा व्हायचा, विम्याचा नंबर तिला तोंडपाठ होता. शेवटी शांतारामला फॅमिली व्हिसा मिळाला, तेव्हा तिने राजीनामा लिहून दिला आणि ओटीवर बसून सह्या केल्या. शेजारी धाकटा दीर अजिंक्य कागद पुढे सरकवत होता. बाजारात त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान होतं. "अजून दोन करा वहिनी," तो म्हणाला होता, "असू देत." तिने अजून दोन केल्या.

मस्कतला दार्सैतमध्ये त्यांना एक खोली मिळाली. फ्लॅट रामकृष्ण नावाच्या देवगडच्या माणसाच्या नावावर होता. तो आणि त्याची बायको मंगला मोठ्या खोलीत, हे दोघं लहान खोलीत, स्वयंपाकघर सामाईक. खिडकीतून एक उघडाबोडका तपकिरी डोंगर दिसायचा. त्यावर गवताची काडी नव्हती. पहिल्या महिन्यात सुगंधाला तो बघवायचा नाही. मग सवय झाली. सकाळी तो गुलाबीसर असायचा, दुपारी त्याच्याकडे नजर टाकवत नसे, आणि संध्याकाळी देवळातून परतताना तो जवळ आल्यासारखा वाटायचा.

सव्वा वर्ष असं गेलं. ऑगस्ट २०१९च्या शेवटच्या आठवड्यात तिच्या फोनवर एक फोटो आला.

पाठवणारी हवाबी. लाइनवर सात वर्षं तिच्या शेजारी उभी राहिलेली, महाडचीच, वयाने मोठी, बोलायला फटकळ. टाइम ऑफिसच्या टेबलावर पडलेल्या कागदाचे तिने चार फोटो काढले होते आणि खाली एवढंच लिहिलं होतं : "हे काय केलंस तू? इथे सगळे तुझ्या नावाने बोटं मोडतायत."

सुगंधाने फोटो मोठा केला. कामगार विम्याच्या कचेरीची नोटीस होती, तिच्या नावाने. नोकरी गेलेल्या कामगाराला मिळणारा बेकारी भत्ता तिने घेतला होता. कामावरून कमी केल्याचा दाखला जोडला होता, पण कारखान्याचं म्हणणं असं होतं की बाई राजीनामा देऊन परदेशी गेली, असा दाखला आम्ही दिलाच नाही, शिक्काही आमचा नाही. खोटी माहिती देऊन लाभ घेतल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

आधी तिला वाटलं, दुसरी कोणी सुगंधा असेल. मग तिने पुढचा फोटो उघडला. अर्जावर चिकटवलेला फोटो तिचाच होता, व्हिसासाठी काढलेला, पांढऱ्या भिंतीपुढचा, केस कानामागे घेतलेला. बँकेचं खातं तिचंच. मोबाइल नंबर तिचाच. शेवटच्या फोटोत घोषणापत्र होतं. मी गावी राहते, मला कोणताही रोजगार नाही, वरील मजकूर खरा आहे. तारीख १४ डिसेंबर २०१८. आणि खाली उजव्या कोपऱ्यात सही.

ती सही तिने पुन्हा पुन्हा बघितली. खोटी असती तर बरं झालं असतं. 'सु'चा उकार जसा ती ओढते तसाच ओढलेला होता, शेवटची रेघ तशीच किंचित वर गेलेली. सगळं तिचं होतं. फक्त ती तिथे नव्हती.

१४ डिसेंबरला शुक्रवार होता, हे तिने कॅलेंडरमध्ये काढलं. त्या शुक्रवारी काय केलं ते तिला आठवेना. शुक्रवारी जे करतात तेच केलं असणार, गच्चीवर चादरी वाळत घातल्या असतील.

मग तिने आपलाच इंडियाचा नंबर फिरवला. तीन रिंग झाल्या आणि तिच्या नंबरावरून एका पुरुषाचा आवाज आला, "हॅलो, बोला."

"भाऊजी," सुगंधा म्हणाली, "माझ्या नावाने बेकारीचा अर्ज कोणी केला?"

अजिंक्य घाबरला नाही. त्याने आधी मशिनचा आवाज बंद केला. मग इतक्या सहज बोलायला लागला की ऐकताना तिलाच क्षणभर आपण उगाच विचारलं असं वाटलं. सरकारचा पैसा पडून असतो, ज्याला नियम कळतो तो घेतो. इतकी वर्षं तुमच्या पगारातून विमा कापला ना? मग? "तुमची नोकरी गेलीच होती की वहिनी. मी नुसता फॉर्म भरला."

"गेली नव्हती. मी सोडली."

"त्याच्यात काय फरक आहे? घरी बसलाय ना तुम्ही तिकडे?"

आणि शिक्का, असं तिने विचारलं. तर तो हसला. म्हणाला, शिक्का काय, बनवून मिळतो.

त्या संध्याकाळी शांताराम रुसैलहून आला, हातपाय धुतले, आणि तिने त्याच्यापुढे फोन धरला. कारखान्यात नोटीस आलीय, एवढंच ती म्हणाली. त्याने फोटो नीट बघितलाही नाही.

"परत?" तो म्हणाला.

शब्द तोंडातून निसटल्यावर त्याला कळलं. तिलाही कळलं. पहिली नोटीस जुलैत गावच्या पत्त्यावर आली होती. अजिंक्यने त्याला फोन केला होता, दोघांनी मिळून ठरवलं होतं की तिला सांगायचं नाही, आपोआप थंड होईल. दीड महिना हा माणूस तिच्या हातचं जेवत होता, तिच्या शेजारी झोपत होता, आणि त्याला माहीत होतं. भाकरी तव्यावर होती, तिने ती उलटली.

शुक्रवारी तो तिला अल मवालेहच्या भाजीबाजारात घेऊन गेला. एरवी रामकृष्णच्या गाडीतून चौघं जात. त्या दिवशी त्याने कंपनीची व्हॅन मागून आणली. फ्लॅटच्या भिंती पातळ होत्या, म्हणून त्याने बोलायला ही जागा निवडली होती. टोमॅटोच्या क्रेटांच्या दोन रांगांमध्ये उभं राहून त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. ऑफिसात प्रिंट मारून आणला होता. मजकूर अजिंक्यचा. नियमाची माहिती नसल्यामुळे माझ्याकडून चुकून अर्ज झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे, घेतलेली रक्कम परत करण्यास तयार आहे. खाली उजवा कोपरा रिकामा.

"पैसे अज्या भरतोय. तू फक्त सही कर, खलास."

"मी अर्जच केला नाही. चुकून कुठला?"

"मग काय लिहू? माझ्या भावाने चोरी केली, असं लिहू? आईने ऐकलं तर ती जगेल?"

"आणि शिक्का? तो पण मी चुकून बनवला?"

एक हमाल ढकलगाडी घेऊन आला, दोघांना बाजूला व्हावं लागलं. गाडी गेल्यावर शांताराम आवाज न चढवता बोलला, आणि ते जास्त लागलं. म्हणाला, तुझी किती सात वर्षांची नोकरी, किती त्याचा तोरा. गोळ्या मोजत होतीस. त्याच्यासाठी माझं घर मोडणार तू?

सुगंधाने कागदाची घडी केली आणि त्याला परत दिली. टोमॅटो न घेताच दोघं घरी आले.

मस्कतमधल्याच रुवी भागात एका बोळात पासपोर्टचे, व्हिसाचे अर्ज टाइप करून देणारं दुकान होतं. तिथे रशीदा बसायची, श्रीवर्धनची, चाळिशीची, चष्मा कपाळावर चढवलेला. सुगंधा रविवारी दुपारी तिथे गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. रशीदाने मध्येच थांबवलं. गोष्ट नको, कागद दाखव. फोटो बघितले, घोषणापत्रावर बोट ठेवलं.

"सही तुझीच?"

"हो."

"मग रडून उपयोग नाही. सही नाकारलीस की लगेच खोटी पडशील." तिने चष्मा खाली घेतला. "तारीख पकड. त्या दिवशी तू तिथे नव्हतीस, एवढंच तुझ्या हातात आहे. पासपोर्ट आण. मुंबईहून बाहेर पडल्याचा शिक्का असेल, परत आल्याचा नसेल. त्या पानांची झेरॉक्स आणि तुझा जबाब, वकिलातीतून साक्षांकित करून घ्यायचा. मग विमा कचेरी, बँक, महाड पोलीस, तिघांना एकाच दिवशी. आणि सिम आजच्या आज बंद कर. ते चालू आहे तोवर तुझ्या नावाने तो अजून काय काय करेल ते तुलाही कळायचं नाही."

सुगंधाने तिथूनच मोबाइल कंपनीला फोन लावला. सिम बंद करायला तिची जन्मतारीख, आईचं नाव, शेवटचा रिचार्ज विचारला. शेवटचा रिचार्ज तिला सांगता येईना. तिच्या नंबरावर सव्वा वर्ष दुसराच माणूस रिचार्ज मारत होता. अर्धा तास गेला. शेवटी झालं. बँकेला सांगून एटीएम कार्डही बंद केलं.

पासपोर्ट मात्र तिच्याजवळ नव्हता. दोघांचे पासपोर्ट शांतारामच्या नंबरलॉकच्या बॅगेत असायचे, आणि नंबर त्याने कधी सांगितला नव्हता, तिनेही कधी विचारला नव्हता. त्या रात्री तिने मागितला. "कशाला?" त्याने विचारलं. तिने खरं सांगितलं. त्याने बॅग उचलून कंपनीत नेऊन ठेवली.

सिम बंद पडल्याचं अजिंक्यला दुसऱ्या दिवशी कळलं आणि मग घर पेटलं. सासूबाईंचे व्हॉइस मेसेज यायला लागले. पोरगं नसलेल्या बाईला घर तोडायला काय लागतं, असं त्या एका मेसेजमध्ये म्हणाल्या. त्यानंतरचे तिने ऐकले नाहीत. गावातून दार्सैतला बातमी यायला एक दिवस लागला. देवळात बायका तिला बघून बोलायच्या थांबायच्या, प्रसादाचा द्रोण तिच्या हातात देताना कोणी डोळ्याला डोळा देत नव्हतं. एकीने तर जवळ येऊन विचारलं, काय गं, तुम्ही म्हणे सरकारला फसवलं? म्हणजे बातमी उलटी होऊन आली होती. ती पोचवणाऱ्याने काळजी घेतली होती.

मंगलाने स्वयंपाकघरात स्पष्टच सांगितलं. तिला कोणाची बाजू घ्यायची नव्हती. "दिराविरुद्ध पोलिसात जाणारी बाई माझ्या घरात नको हां. उद्या आमच्याच अंगावर येशील." आणि सुगंधाचा मिसळणाचा डबा तिने शेगडीजवळच्या फळीवरून उचलून जमिनीवर ठेवला. सुगंधाने तो उचलून आपल्या खोलीत नेला. त्यानंतर ती मंगला आंघोळीला गेली की तेवढ्यात स्वयंपाक उरकायची.

पंधरा दिवसांपैकी अकरा गेले. शांताराम बोलत नव्हता. हवाबीला तिने सगळं कळवलं होतं. हवाबीचं उत्तर तिच्यासारखंच आलं, की इथे तोंडी कोणी ऐकणार नाही, कागद आण. रात्री तिला विचार यायचा की सही करून टाकावी. एक ओळ, एक कोपरा. अजिंक्य पैसे भरेल, सासूबाई चार महिन्यांनी बोलतील, मंगला फळीवर जागा देईल. मग ती त्या मजकुरातला शब्द मनात आणायची. माझ्याकडून. आणि तिला झोप यायची नाही. आतापर्यंत तिच्या सहीच्या वर दुसऱ्याने खोटं लिहिलं होतं. आता ती सही करेल ते तिचं स्वतःचं खोटं असेल, आणि ते कधीच कोणाला परत करता येणार नाही.

बाराव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, शांताराम लवकर आला. त्याने पासपोर्ट पलंगावर टाकला. सोबत एक छापील कागद आणि तिकीट. व्हिसा कॅन्सल केला होता. कंपनीच्या माणसाने दोन दिवसांत काम करून दिलं. मंगळवारी संध्याकाळचं विमान, फक्त जाण्याचं.

"जा. आईसमोर उभी राहा आणि घे त्याचं नाव. बघू तुझी हिंमत."

त्याला वाटलं होतं ती रडेल, हातापाया पडेल. सुगंधा पासपोर्टकडे बघत होती. तिने तो उचलला, पानं उलटली. मुंबईचा निळसर शिक्का, मे २०१८, शेजारी मस्कतला उतरल्याचा. त्यानंतरची पानं कोरी. त्याने आठवडाभर जे अडवून धरलं होतं ते रागाच्या भरात स्वतःच आणून टाकलं होतं, आणि हे त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

"चार दिवसांपूर्वी दिला असतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ती रुवीत पोचली होती. रशीदाने कुलूप काढलं, एसी लावला, कॉम्प्युटर सुरू केला आणि जबाब टाइप करायला घेतला. मी अमुक तारखेला मस्कतला आले. त्या तारखेपासून आजपर्यंत भारतात गेलेले नाही. सदर अर्ज मी केलेला नाही. सदर सही माझी आहे. परदेशी येण्यापूर्वी मी कोऱ्या कागदांवर केलेल्या सह्यांपैकी ती आहे. इथे रशीदा थांबली.

"हे कागद, सिम, कार्ड कोणाच्या ताब्यात होतं, ते लिहावं लागेल. नाव घालायचं?"

सुगंधाने स्क्रीनवरचा मजकूर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"अज्ञात व्यक्ती म्हटलं तरी चालतं," रशीदा म्हणाली. "पुष्कळ जण तेच लिहितात. घरातलं प्रकरण असलं की अज्ञातच असतं. अज्ञात लिही, नवरा परत बोलवेल, सुखात राहशील."

बाहेर कोणीतरी शटर वर ढकललं, त्याचा खडखडाट बोळभर गेला. सुगंधाला अजिंक्यचं नाव लिहिताना आनंद होणार नव्हता. लग्नात तिच्या चपला लपवून पाचशे रुपये मागणाऱ्या पोरांत तो नव्हता, तो तिच्या बाजूने भांडला होता. लाइनवरून घरी यायला उशीर झाला की मोटारसायकल घेऊन नाक्यावर उभा राहायचा. ते सगळं खरं होतं. ओटीवर कागद पुढे सरकवणारा हातही खरा होता.

"अज्ञात नाहीये तो," ती म्हणाली. "मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहा. कागद त्याच्याकडे होते. चोर म्हणू नका. कागद त्याच्याकडे होते, सिम त्याच्याकडे होतं, एवढं लिहा."

रशीदाने लिहिलं. पूर्ण दर घेतला, एक बैसाही सोडला नाही. मात्र सुगंधा निघाली तेव्हा तिने कागद एका पारदर्शक पिशवीत घालून दिले आणि खिडकीवर काय विचारतील, काय विचारणार नाहीत ते सांगितलं.

वकिलातीच्या खिडकीवर दोन तास लागले. समोरच्या माणसाने जबाब वाचला, पासपोर्ट बघितला, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्यासमोर सही करा म्हणाला. तिने मजकूर वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचला. मागे रांग होती, कोणीतरी च्च् केलं. तिने वाचून संपवलं आणि मग सही केली. दुपारी रशीदाच्या कॉम्प्युटरवरून तिन्ही मेल गेले. मूळ कागद तिने जवळ ठेवले.

शांतारामला ते संध्याकाळीच कळलं. महाडला अजिंक्यच्या दुकानात पोलिसांचा नुसता फोन आला होता आणि त्याने दुकान बंद करून घर गाठलं होतं. शांताराम खोलीच्या दारात उभा राहिला. सुगंधा कपडे भरत होती.

"माझ्या भावाला आत घालायला निघालीस."

"मी कुठे होते ते सांगितलं. तो कुठे होता ते त्याला सांगू दे."

"घरात पाऊल ठेवू नकोस."

"ठेवणार नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तुमची औषधाची बाटली खिडकीत आहे. कामावर जाताना घ्यायची असते."

मंगळवारी तो नेहमीप्रमाणे पहाटेच्या बसने रुसैलला गेला. मंगलाचं दार बंद होतं, आतून टीव्हीचा आवाज येत होता. सुगंधाने बॅग जिन्यावरून एकटीने उतरवली, प्रत्येक पायरीवर टेकवत.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तिचं रहिवासी कार्ड मागून घेतलं. व्हिसा रद्द झालेल्याकडून ते घेतातच. त्याने ते खणात टाकलं आणि पासपोर्ट परत दिला. ती गेटजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. काचेपलीकडे ऊन विमानांच्या पंखांवर पांढरं झालं होतं.

फोनवर विमा कचेरीचं उत्तर आलं होतं. दोन ओळींचं, कोरडं. आपला खुलासा मिळाला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.

तिने ते हवाबीला पाठवलं आणि विचारलं, दोन रात्री राहू का तुझ्याकडे.

हवाबीचं उत्तर लगेच आलं. राहा, पण शिफ्ट सकाळची आहे, सहाला घर सोडते, किल्ली शेजारी ठेवणार नाही, त्याआधी पोचायचं.

सुगंधाने मुंबईहून महाडला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या बघायला घेतल्या.